पाणकराचा डबा

पिपरटोल्यात जाऊन मनिराम गहाणे कुठं राहतात असं विचारलं, तर लोक एकमेकांच्या तोंडाकडे पाहतील. सुनामी पाणकर म्हणा, हात धरून घरापर्यंत सोडून देतील आणि वर चहाही पाजतील. आता गोंदिया जिल्हा कुठं आणि समुद्र कुठं! आमच्या निम्म्या गावानं समुद्र फक्त टीव्हीवर पाहिला आहे. पण सुनामी आली होती. मनिरामच्या अंगावरून गेली होती. हसता कायले? गावही तेव्हा असंच हसलं होतं, आणि मग तोंड लपवायला जागा शोधत फिरत होतं.

मनिराम जातीनं कोहळी. त्याच्या पणज्याच्या पणज्यानं गावचा तलाव बांधला, आणि तेव्हापासून त्या घरातला माणूस घरच्या म्हशीपेक्षा तलावाकडे जास्त लक्ष देतो. मनिराम तर पाणकरच. पाणकर म्हणजे तलावाचं पाणी कोणाच्या धानाच्या बांधीत, कधी, किती सोडायचं ते ठरवणारा. तलावाच्या पाळीच्या, म्हणजे मातीच्या बांधाच्या, पोटात दगडी मोरी असते, तिला तुडूम म्हणतात. त्या तुडुमाचं बूच उघडायचा मान चाळीस वर्षं एकट्या मनिरामचा. आमदाराचा पाहुणा आला तरी हा म्हणणार, "तुमची पारी परवा हाय." आणि पाळीला आमच्याकडे पार म्हणतात, तर या पारीवर कुणी बकरी चढवली की मनिरामचा पारा चढायचा. शिव्या अशा द्यायचा की बकरीसुद्धा मान खाली घालून उतरायची.

एवढ्यावर थांबला असता तर बरं झालं असतं. पण गावाला हागणदारीमुक्तीची पाटी मिळाली आणि सरपंच केशोरावांनी गुडमॉर्निंग पथक काढलं. पथकाचा प्रमुख कोण? पहाटे उठणारा, कुणाची भीडभाड न ठेवणारा, तलावाचा काठ न् काठ माहीत असलेला. मनिरामला एक शिटी आणि दंडाला बांधायची नारंगी पट्टी मिळाली. दंड वसूल करायचा नाही, अशी त्याची स्वतःची अक्कल. "पैसा देऊन मानूस इसरते, लाज नाई इसरत," असं म्हणून त्यानं हाराची पद्धत काढली. जो काठावर बसलेला सापडेल त्याला झेंडूचा हार घालायचा, फोटो काढायचा, गावच्या ग्रुपवर टाकायचा.

सात वर्षांत असे बरेच हार पडले. त्यातला एक पडला ढिवर मोहल्ल्यातल्या वच्छलाच्या गळ्यात. वच्छला तलावात जाळं टाकते, मासोळी विकते, बोलायला लागली की समोरचा भाव करायचं विसरतो. तिच्या संडासाचा खड्डा त्या पावसाळ्यात पाण्यानं भरून वर आला होता. तिनं सांगितलं, हात जोडले. मनिराम म्हणाला, "नियम म्हंजे नियम." हार पडला, फोटो निघाला. तिच्या लेकीच्या सासरीसुद्धा पोहोचला. वच्छला त्या दिवसापासून मनिरामशी फक्त कामापुरतं बोलायची, आणि काम कधीच नसायचं.

आता आतली गोष्ट. ती सात वर्षं फक्त मनिराम आणि त्याच्या डब्यालाच माहीत होती.

मनिरामच्या घरी संडास होता. पांढऱ्या फरशीचा, सुनेनं बांधून घेतलेला. पण बिचाऱ्याचं तिथं जमेना. जन्मभर तलावाकडे तोंड करून बसायची सवय. पाणी किती चढलं, किती उतरलं, शिंगाड्याच्या वेली कुठवर आल्या, हे पाहता पाहता काम आपोआप व्हायचं. चार भिंतींत दारावरच्या कडीकडे पाहत बसलं की पोट रुसून बसायचं. मग याची युक्ती अशी: पहाटे पाचला शिटी फुंकत पूर्ण तलावाला फेरी मारायची, सगळ्या गावाला घरी हाकलायचं, आणि सगळं सामसूम झालं की सातच्या सुमारास पल्याडच्या काठावर, पळसाच्या झुडपामागं, आपण स्वतः बसायचं. प्रमुखाला पकडणार कोण?

त्या डिसेंबरातल्या सकाळी धुई इतकी दाट होती की पाच-सहा हातांपुढचं दिसत नव्हतं. मनिरामनं धोतर सोडून पळसावर टाकलं, पट्टी आणि शिटी त्यावर अडकवली, डबा बाजूला ठेवला आणि बसला. इतक्यात पोटात गुरगुरलं. त्याला बरं वाटलं. मग डबाही गुरगुरायला लागला तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, हे आपलं पोट नव्हे. पायाखालची जमीन सरकत होती, अगदी खरीखुरी. डबा दगडावर थडथड नाचला, पळसाची पानं खाली पडली, आणि दहा-बारा श्वासांत सगळं थांबलं. मग पाळीकडून, धुईच्या आतून, भस्स असा आवाज आला. मोठ्या म्हशीनं डबक्यात अंग टाकावं तसा.

आणि पाणी मागे गेलं! मनिरामच्या डोळ्यांदेखत तलावानं काठ सोडला. शिंगाड्याच्या वेली चिखलात लोळल्या, आणि एक रोहू, चांगला तीन किलोचा, त्याच्यापासून चार हातांवर फडफडायला लागला. आता शहाण्यानं काय करावं? पळावं. मनिराम बसल्या बसल्याच दोन्ही हात पुढे करून रोहूकडे सरकला. हात शेपटीला लागला न लागला तोच धुईतून छातीएवढं पाणी उभं राहून आलं. त्यानं मनिरामला उचललं, पळसाला आपटलं, शिंगाड्याच्या वेलींत गुंडाळलं आणि परत जाताना डबा, धोतर, शिटी, पट्टी, रोहू सगळं घेऊन गेलं.

मनिराम घरी पोहोचला तेव्हा त्याच्या अंगावर कमरेभोवती शिंगाड्याच्या वेलींखेरीज काही नव्हतं. बायको जमुनाबाई अंगणात सडा टाकत होती. तिनं बादली खाली ठेवली.

"काऊन जी, धोतर सोडून शिंगाडे तोडाले गेलते का?"

"घरात जाऊ दे वं आधी," मनिराम म्हणाला. "तलाव आंगावर आला माह्या."

सून नीतू तालुक्याच्या शाळेत भूगोल शिकवते. ती ओट्यावर कणीक मळत होती. "मामाजी, भूकंप झाला," ती आतूनच ओरडली. "तेलंगणात केंद्र होतं म्हणे. ग्रुपवर आलंय. आपल्याकडं नुसता धक्का बसला."

कपडे घालून, चहा पिऊन मनिरामनं सगळं सांगितलं. म्हणजे जवळपास सगळं. फक्त पल्याडच्या काठाच्या ऐवजी 'पाळीवर, महादेवाच्या देवळीपाशी' असं म्हणाला, आणि जमुनाबाईनं भुवया वर केल्या तेव्हा त्याच्या तोंडून "नागऱ्याच्या महादेवाची शपथ" असंही निघून गेलं. ते शब्द त्याला पुढं फार महागात पडले.

नीतूचे डोळे मात्र चमकले. तिनं परात घेतली, पाणी ओतलं, एका बाजूला आतून कणकेचा मऊ थर थापला आणि परातीच्या कडेवर लाटणं हलकेच मारलं. एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळी कणकेचा थर सटकला आणि पाण्यात घसरत गेला. त्याच्यावरचं पाणी आधी खचलं, मग उसळून पलीकडच्या काठावरून थेट जमुनाबाईच्या लुगड्यावर.

"समुद्रात असंच होते, मामाजी. पाण्याखाली मोठमोठे उतार राहतात, त्यांच्यावर वर्षानुवर्षांचा गाळ. भूकंपानं हलवलं का ती दरड पाण्यातल्या पाण्यात कोसळते. मग लाट निघते ती या मातीनं ढकललेली. म्हणून भूकंप लहान असला तरी लाट मोठी येऊ शकते. सुनामी म्हणतात तिले. आणि कुठं कुठं आधी पाणी मागं हटते. तवाच पळाचं असते, पण लोकं मासोळ्या वेचाले पुढं जातात आणि मरतात."

"असे येडे लोकं राहतात?" मनिराम आपल्या पायाच्या अंगठ्याकडे पाहत म्हणाला. मग त्यानं तो शब्द तोंडात घोळवला. "सु-नामी. नामी म्हंजे चांगला. त्याच्याहीपुढं सु! नाव ठेवनाराले आंगावर घेऊन पाहाचं होतं."

पण हसता हसता तो परातीवर वाकला. आत बुडालेली कणीक पाहत राहिला. तलावात कणीक कुठली होती, हे त्याला कळलं होतं. मागच्या उन्हाळ्यात बाहेरगावच्या एका ठेकेदारानं तलावाचा गाळ काढला होता. तो गाळ शेतात टाकायचा होता, तर त्या लेकाच्यानं डिझेल वाचवायला पाळीच्याच आतल्या अंगाला थापून ठेवला. मनिराम तेव्हा मशीनसमोर आडवा झाला होता. कुणी ऐकलं नाही. मग पावसाळ्यात तलाव भरला आणि गाळ पाण्याखाली गेला. आता तो घसरला होता, आणि एकटा घसरला नसणार.

मनिराम उठला आणि तुडुमाकडे धावला. तुडुमातून नेहमीच थोडं पाणी झिरपतं, त्यात काही नाही. पण ते काचेसारखं स्वच्छ असतं. आज ते चहाच्या रंगाचं होतं. पाळ आतून माती सोडत होती. मनिरामच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं मान वळवून खाली पाहिलं. पाळीच्या अगदी पायथ्याशी ढिवर मोहल्ला, चौदा घरं. पहिलं घर वच्छलाचं. अंगणात तिच्या नातीची फ्रॉकं वाळत होती.

दोन दिवसांनी, शुक्रवारी सकाळी, ग्रामपंचायतीच्या पडवीत सभा भरली. मनिरामनं सांगितलं, सलंगाचे दगड काढा, जादा पाणी सोडून द्या, तलाव अर्धा करा, पाळ दुरुस्त करा. सलंग म्हणजे भरलेल्या तलावाचं पाणी उतू जायची वाट.

केशोराव सरपंच खुर्चीत हलले. "मनिरामभाऊ, अर्धा तलाव सोडून उन्हारी धान कायच्यावर पिकवाचे? आनं पारीले तं वरून काहीच झालं नाई. मी पाहून आलो."

"वरून कसं दिसन? थे पान्याच्या आंदर हाय. सुनामी आलती!"

झालं. पडवी हसून हसून आडवी झाली. कुणी म्हणालं, सुनामी पाहायची तर चोरखमाऱ्याच्या तलावावर जा, तिथं पाणी जास्त आहे. कुणी म्हणालं, पाणकर आता जहाज मागणार. नीतूनं उठून दरड आणि लाट समजावून सांगायला सुरुवात केली. लोक थोडे शांत झाले. आणि तेवढ्यात मागून वच्छलाचा आवाज आला.

"मनिरामभाऊ, थे लाट तुमी कोठून पाह्यली?"

"पारीवरून."

"पारीवर कोठी?"

"देवळीपाशी. नागऱ्याच्या महादेवाची शपथ!"

"त्या सकारी देवळीपाशी मी बसली होती, मासोळीचं जारं सोडवत. जमीन हालली तशी धावत घरी पराली, नातीले घ्याले. तुमी नोहते तेथी. आनं धुई एवढी होती का तलावच दिसत नोहता. मंग तुमाले पानी कसं दिसलं जी?"

पुन्हा हसणं. केशोरावांनी वहीवर टोपण आपटलं. "महादेवाची शपथ घेऊन खोटं? चाला, पुढचा विषय."

माणसं उठायला लागली. कुणी खुर्च्या सरकवल्या, कुणी चपला शोधू लागलं. मनिराम उभाच होता. त्याला एकच गोष्ट कळत होती: खरं सांगितलं तर चाळीस वर्षांची इज्जत जाईल, नाही सांगितलं तर चौदा घरं जातील. इज्जत एकट्याची होती. तरी जीभ उचलेना हो! ज्यानं गावभर लाज वाटून दिली, त्याच्यावर स्वतःची लाज खायची पाळी आली होती.  शेवटी तो ओरडलाच.

"मी पल्याडच्या काठावर होतो!"

सगळे थबकले. "पल्याड कायले?" केशोरावांनी विचारलं.

"बसलो होतो."

"कायले बसले होते?"

"बसाले!"

 मग केशोरावांना उमगलं आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं. "मनिरामभाऊ… तुमी? पथकाचे प्रमुख?"

"हव. मी. सात वर्सं, दररोज. तुमाले हाकलून देऊन मी बसत होतो. मले घरी होत नाई. महादेवाची खोटी शपथ घेतली, त्याचं पाप माह्या डोक्यावर. पन पानी मागं गेलं, मंग लाट आली, धोतर गेलं, शिटी गेली, डबा गेला, हे खरं हाय. तुमी मले कितीही हार घाला. पन आज पानी सोडा, बाप्पा! तुडुमातून गढूर पानी येऊन राह्यलं. पार फुटली तं पह्यलं घर वच्छलाचं हाय."

आता हसण्याचा असा लोट उठला की पडवीचे पत्रे वाजले. जमुनाबाईनं तोंडावर पदर घेतला. लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारून हसता हसता रडत होते. फक्त वच्छला हसली नाही. ती चालत पुढे आली, तिनं आपल्या पिशवीत हात घातला आणि एक पितळी डबा काढून सरपंचांच्या टेबलावर ठेवला. डब्यावर नाव कोरलेलं होतं: सौ. जमुनाबाई मनिराम गहाणे.

"माह्या मायनं देल्ला डबा!" जमुनाबाईचा पदर गळून पडला. "आंदनातला! दह्यासाठी देल्लता मायनं! सात वर्सं झाले धुंडून राह्यली मी! भांडेवालीवर आळ घेतला बिचारीवर!" आणि ती नवऱ्याकडे अशी वळली की मनिरामला लाट परवडली असती.

वच्छलानं हात वर केला. "थांबा वं बाई, मंग भांडा. केशोरावजी, हा डबा मले काल जाऱ्यात भेटला. कोठी? पारीच्या कडेले, तुडुमापाशी. आता सांगा, पल्याडच्या काठावरचा डबा अल्याड कसा आला? या दिवसांत वारा पारीकडून तिकडं वाह्यते. माहं रिकामं डोंगं पान्यात सोडलं तं थे तिकडं जाते, इकडं येत नाई. डब्याले काही पाय नाईत. लाटच गेली आनं लाटच घेऊन आली." ती मनिरामकडे वळली. "मले कालपासून मालूम होतं, तुमी कोठी होते. तुमच्या तोंडून आयकाचं होतं. तुमी पारीवर होतो म्हनत राह्यले असते, तं हा डबा कायचाच पुरावा नोहता."

केशोरावांनी डबा उलटसुलट करून पाहिला. मग त्यांनी टोपी घातली आणि म्हणाले, "चाला."

ढिवर मोहल्ल्यातले तिघं पट्टीचे पोहणारे तुडुमापाशी बुडी मारून वर आले. तिघांचेही चेहरे उतरले होते. आतला दगडी थर गाळासोबत गेला होता, पाळ आतून पोखरली होती, माणूस आडवा झोपेल एवढी. दुपारच्या आत सलंगाचे दगड निघाले आणि पाणी धो धो नाल्याला लागलं. चौदा घरांतल्या लेकराबाळांना शाळेत नेऊन ठेवलं. चार दिवसांनी पाणी उतरून भगदाड उघडं पडलं तेव्हा गाव पाळीवर उभं राहून पाहत होतं. पडवीत सगळ्यात जोरात जे हसले होते, त्यांनी सगळ्यात आधी घमेली उचलली.

आठ दिवस पिपरटोला पाळीवर होता. चिकण माती, मुरूम, पुन्हा चिकण माती, वरून दगड. मनिराम भगदाडात उतरून पायांनी माती तुडवत होता आणि सगळ्यांना शिव्या घालत होता. कुणाला राग येत नव्हता. उन्हाळी धान निम्म्याच बांध्यांत लागले, पण पाळ राहिली.

शेवटचा दगड बसला तेव्हा लोक नाश्त्याला बसले होते. वच्छला झेंडूचा हार घेऊन आली आणि मातीनं माखलेल्या मनिरामच्या गळ्यात घातला. टाळ्या वाजल्या, शिट्याही वाजल्या. कुणीतरी मोबाईल काढला. मनिरामनं हार हातानं चाचपला. त्याच्या लक्षात आलं, हा तसाच आहे. आपण ठरवून दिलेला, तेवढ्याच लांबीचा.

"वच्छला," त्यानं हळूच विचारलं, "हा सत्काराचा हार होय का दंडाचा?"

"थे मले काय मालूम जी," वच्छला म्हणाली. "तुमी मले घातला होता, तवा मी रडत होती. तवा तुमी मले इचारलं होतं का काही?"

 फोटो काढणारा म्हणाला, "पाणकरबुवा, हसा." मनिराम हसला नाही. त्यानं दोन्ही हात जोडले, कॅमेऱ्याला नव्हे, वच्छलाला. "चुकलो, बाई," तो म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. वच्छलानं नाक ओढलं, पदरानं डोळे पुसले आणि मग एकदम खळखळून हसली. "हा फोटो टाका आता गुरुपवर," ती म्हणाली. "माह्या लेकीच्या सासरी पोचला पाह्यजे."

फोटो पोहोचला. पथकाला नवी शिटी आली, ती मनिरामनं परत केली. पुढच्या आठवड्यात त्यानं छिन्नी-हातोडा घेतला, संडासाच्या भिंतीला वीतभर खिडकी पाडली, आणि तिथून तलाव बरोब्बर दिसतो. डबा मात्र जमुनाबाईनं चिंचेनं घासून, तीनदा उकळून कपाटात कुलूप लावून ठेवला आहे. दही ती त्यात आजतागायत लावत नाही.